मुंग्या मोजायला आंबोलीला

आमच्या घरी सहलीचं आमंत्रण येतं ते अष्टविनायकाचं, नाहीतर कुणाच्या तरी ग्रुप बुकिंगमध्ये एक सीट रिकामी राहिली म्हणून केरळचं. "मावशी, मुंग्या मोजायला येतेस का?" असं विचारणारी आमच्या खानदानात एकटी माझी भाचीच.

सुरुवात पिशव्यांपासून झाली. गणपतीनंतर ती मोबाइलवर एक फोटो घेऊन आली. लांबुळकी पांढरी कापडी पिशवी, आत जाळीची दुसरी पिशवी, आणि खाली निमुळतं होत जाऊन एका छोट्या बाटलीला बांधलेलं तोंड. हिला म्हणे विंकलर पिशवी म्हणतात. जंगलातला पालापाचोळा जाळीत भरायचा आणि टांगून ठेवायचं. पाचोळा वाळू लागला की आतल्या मुंग्या बाहेर पडायची वाट शोधतात आणि टपटप बाटलीत पडतात. विकतची परवडत नाही, तू शिवून देशील का? बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझं शिलाई मशीन झाकणाखालीच होतं. मांजरपाट आणि मच्छरदाणीची जाळी आणून चार दिवसांत सहा पिशव्या शिवल्या. शिवणावळ काय घेशील म्हणाली तर म्हटलं, मला ने.

तिच्या संशोधनाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: जंगल तुटून काजू आला, काजू जाऊन रबर आलं, तर जमिनीवरच्या मुंग्यांमध्ये काय फरक पडला? माझं मुंग्यांविषयीचं तोवरचं ज्ञान म्हणजे खडूची रेघ. ओट्यावर, साखरेच्या डब्याभोवती, देव्हाऱ्याच्या पाटाखाली. आमच्या स्वयंपाकघरात एक बारकी मुंगी आहे. तिचं डोकं तेवढं काळं दिसतं, बाकी अंग दिसतच नाही, जणू काळे ठिपके आपोआप चालताहेत. तीस वर्षं मी तिच्याशी लढते आहे आणि तीस वर्षं हरते आहे.

दिवस पहिला: धुकं, घावणे आणि चाळणी

पुण्याहून रात्रीच्या एसटीनं आजऱ्यामार्गे पहाटे आंबोलीत उतरलो. नोव्हेंबर संपत आला होता. स्टँडसमोरचा दिवा धुक्यात नुसता पिवळा डाग दिसत होता आणि चहावाल्याची भांडी आधी ऐकू आली, मग तो दिसला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव. पावसाळ्यात धबधब्याखाली माणसांची जत्रा असते म्हणून मी कधी फिरकले नव्हते. आता सगळं शांत, आणि भिंतींवरचं शेवाळ अजून ओलं.

उतरलो ते एका काकींच्या घरी. मागे दोन खोल्या पाहुण्यांना देतात. आत शिरल्या शिरल्या माझी नजर त्यांच्या जाळीच्या फडताळावर गेली. चारही पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या. माझ्या आजीच्या घरी अगदी असंच होतं. मी कौतुकानं बघतेय तोवर भाची खाली वाकून वाटीतल्या बुडालेल्या मुंग्या मोजायला लागली. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिकलेली आहे, पण अशीच आहे."

घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाऊन निघालो. सोबत गावातले एक दादा, जंगलाची वाट आणि मालकांची नावं दोन्ही पाठ असलेले. इथे बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. राखीव जंगल असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, एक मुंगी उचलायची असली तरी. भाचीच्या फाइलमध्ये परवानगीचे कागद मुंग्यांपेक्षा जास्त असावेत. तुम्ही नुसते हौशी असाल तर फोटो काढा, बाटली नेऊ नका.

काम कसं चालतं ते सांगते, कारण मला ते फार आवडलं. २०० मीटरची दोरी जंगलात सरळ ताणायची आणि दर १० मीटरला खूण करायची. अशा २० जागा. जगभर मुंग्यांचे अभ्यासक साधारण याच पद्धतीनं मोजतात, म्हणजे ब्राझीलची यादी आणि आंबोलीची यादी शेजारी शेजारी ठेवता येते. प्रत्येक खुणेवर दोन कामं. एक, प्लास्टिकचा पेला मातीत पुरायचा, आत थोडं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि पडलेली मुंगी तरंगत न राहता बुडते. पेल्याची कड मातीच्या बरोब्बर पातळीला हवी. केसभर वर राहिली तरी मुंगी वळसा घालून निघून जाते. माझे पहिले तीन पेले भाचीनं उपटून परत लावले.

दुसरं काम चाळायचं, आणि तिथे मात्र मी बाजी मारली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकटीतला सगळा पाचोळा गोळा करून चाळणीतून चाळायचा. मोठी पानं वर, बारीक चुरा खाली. गहू चाळणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं! पण गव्हात असं काही निघत नाही. पैसा किडे गुंडाळी करून पडले होते, नखाएवढ्या गोगलगाई होत्या, आणि विंचवासारख्या नांग्यांचा, शेपूट नसलेला, मोहरीएवढा एक प्राणी होता. तो दिसल्यावर मी चाळणी सोडून दिली. सगळा चुरा दादांच्या अंगावर.

दहाच्या सुमारास ऊन झाडांतून खाली पोचलं आणि भाचीनं एकदम माझा दंड धरला. पुढे हातभर अंतरावर एक मुंगी उभी होती. "उभी" हाच शब्द. बाकीच्या मुंग्या सतत कुठेतरी निघालेल्या असतात, ही थांबून बघत होती. लालसर तपकिरी, पाऊण इंचाच्या आसपास, टपोरे काळे डोळे आणि चिमट्यासारखे लांब, वर वळलेले पिवळट जबडे. मी मान वळवली तशी तिनेही डोकं वळवलं. मग पाचोळ्यात एक बारका रातकिडा हलला आणि मुंगीनं उडी मारली. टिचकी मारल्यासारखी. मुंगी उडी मारते हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

हिचं नाव हार्पेग्नाथॉस सॉल्टेटर. मद्रास इलाख्यातल्या जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५१ साली हिची नोंद केली. हिच्या वारुळात राणी मेली की कामकरी मुंग्या आपसात मिशांनी झुंजतात, आणि जिंकणाऱ्या काहीजणी अंडी घालू लागतात. तसं होताना त्यांचा मेंदू साधारण पाचव्या हिश्शानं आक्रसतो. त्यांना परत कामाला जुंपलं तर पुन्हा वाढतो. "म्हणजे राणीपद मिळालं की डोकं लागत नाही," दादा म्हणाले. ग्रामपंचायतीच्या निवडणुका नुकत्याच झाल्या असाव्यात.

वर "वारूळ" लिहून गेले, पण तो शब्द भाचीनं माझ्याकडून काढून घेतला आहे. मातीचा तो उंच डोलारा वाळवीचा, मुंग्यांचा नव्हे. आणि वाळवी मुंग्यांच्या नात्यातलीही नाही, ती झुरळांच्या. मुंग्या गांधीलमाशीच्या घराण्यातल्या. आपल्या भाषेनं इतकी वर्षं मुंग्यांच्या नावावर वाळवीचं घर लावून ठेवलंय. मुंगी राहते ते बीळ म्हणायचं. बरं.

संध्याकाळी सहाही पिशव्या काकींच्या पडवीत टांगल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, "ह्या काय टांगलास? चक्को?"

दिवस दुसरा: अवकाळी

रात्री दोनला कौलांवर ताशा वाजायला लागला. नोव्हेंबरअखेर पाऊस! भाची अंधारातच उठून बसली. आंबोलीच्या पावसाला सुरुवात आणि शेवट असतो, मध्ये काही नसतं. सकाळी जाऊन पाहिलं तर वीसही पेले काठोकाठ भरून वाहून गेलेले. मुंगीला मुताचा पूर म्हणतात, इथे तर खराच पूर आला होता. तीन पेले रानडुकरांनी उकरले होते, एक पेला तर सापडलाच नाही.

मला वाटलं पोरगी रडेल. तिनं वहीत तारीख लिहिली, "पाऊस, नमुने बाद" असं लिहिलं आणि पेले परत लावायला घेतले. मला म्हणाली, "मावशी, हेच तर आहे. पाऊस कधी यावा हे ठरलेलं असताना मुंग्यांनी आपली कामं त्याप्रमाणे लावली होती. आता नोव्हेंबरात असा आला की खालची बिळं भरतात." तेवढंच बोलली. तिचं हे मला आवडतं, पुढचं भाषण करत नाही.

जाणाऱ्यांसाठी: पेले लावायचे असतील तर वर तीन काड्यांवर बशीएवढं छप्पर करावं. आम्ही दुसऱ्या दिवशी केलं. पॅन्ट मोज्यांत खोचावी, पॉलिथीनच्या पिशव्या जास्त न्याव्यात, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवावं. छोटं, दुमडतं, गळ्यात अडकवता येतं. त्याच्याशिवाय गेलात तर तुम्हाला फक्त "मुंगी" दिसेल.

माती निथळेपर्यंत आमिषाचा प्रयोग केला. या पूर्ण सहलीत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते या एका तासानं. पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद जमिनीवर ठेवायचा, एका बाजूला बांगड्याचा तुकडा, दुसऱ्या बाजूला गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापूस. मग एक तास बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी लिहायचं, कोण आलं, किती आले.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग एक लांब पायांची, सडपातळ, घाईतली मुंगी आली. गूळ चाखला आणि धावत गेली. परत आली ती चौघींना घेऊन. मला वाटलं, जिंकल्या. वीस मिनिटांनी कागदाच्या कडेनं बारक्या तपकिरी मुंग्यांची रांग लागली. एकेक जण तिळाएवढी, पण येतच राहिल्या, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून एक मोठ्या डोक्याची. डोकं इतकं मोठं की चालताना पुढे झुकायची. हा फाइडोली, बारक्या कामकरी आणि डोकेबाज शिपाई एकाच बिळातले. बांगडा त्यांनी मातीचे कण टाकून झाकून टाकला. सडपातळवाल्या गुळाच्या बाजूला सरकल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. पन्नासाव्या मिनिटाला एक काळा मुंगळा आला, कागदाला एक चक्कर मारली, कुणाच्या वाटेला न जाता कडेचा एक थेंब प्यायला आणि निघून गेला. आमच्या बँकेत एक शाखाधिकारी असेच होते.

वीस कागदांपैकी मी पाच सांभाळले. पाचांवर मला नऊ प्रकारच्या मुंग्या दिसल्या. भाची म्हणाली सहा, बाकीच्या तीन त्याच जातीचे शिपाई. तरी मला अभिमान वाटला.

परतताना दादांनी एका झाडाच्या फांदीवरचा तपकिरी गोळा दाखवला, शेणाचा मोठा गोळा चिकटवावा तसा, पण पापुद्र्यापापुद्र्यांचा. हे क्रेमॅटोगास्टर मुंग्यांचं घर. चिडल्या की पोट पाठीवर उलटं उभं करतात, बदामाच्या आकाराचं. विटकरी रंगाचा एक सुतार पक्षी याच गोळ्याला भोक पाडून, रहिवाशांसकट, आत आपली अंडी घालतो. त्या दिवशी पक्षी दिसला नाही. गोळ्याला एक गोल भोक मात्र होतं.

रात्री काळ्या वाटाण्याची आमटी, तांदळाची भाकरी, सोलकढी. जेवताना भाचीनं फडताळाच्या वाट्यांवरून साइक्सची गोष्ट सांगितली. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी, दख्खनची माहिती गोळा करण्यासाठी पुण्यात राहायचा. त्याच्याकडे जेवणानंतरची मिठाई एका टेबलावर ठेवत आणि टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत. तरी मुंग्या मिठाईत! शेवटी त्यानं पाळत ठेवली. मुंग्या भिंतीवर चढायच्या, टेबलाच्या वरच्या उंचीला जायच्या आणि तिथून स्वतःला खाली मिठाईवर सोडून द्यायच्या. १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्यानं पुण्याच्या मुंग्यांवर लिहिलं. काकींनी उठून फडताळ भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

दिवस तिसरा: सडा

सकाळी पेले उचलले. या वेळी नीट होते. मग हिरण्यकेशीला धावती भेट. देवळाच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. बोटाएवढ्या माशानं एवढं काम केलं. तिथून आम्ही चौकुळच्या बाजूला गेलो.

जंगलातून बाहेर पडलं की अचानक सडा लागतो. काळपट जांभ्या दगडाचं पठार, वर सुकत आलेलं गवत, आणि आभाळ. कोविडच्या काळात सोसायटीच्या दारात कपाळाला लावायचे तशी तापमानाची बंदूक भाचीकडे होती, पण दगडमातीसाठीची. साडेबाराला कातळावर ४८ अंश. दहा पावलांवर झुडपाच्या सावलीत २७. मी स्कार्फ पाण्यात भिजवून डोक्याला बांधला. मुंगीला ही सोय नाही. तिचं अंग आजूबाजूची जमीन जेवढी तापेल तेवढं तापतं, म्हणून प्रत्येक जातीची बाहेर पडायची वेळ ठरलेली. झाडं गेली की जमिनीवरचं तापमान २७ वरून ४८ कडे सरकतं. मग सावलीतल्या जाती जातात आणि उन्हातल्या येतात. थर्मामीटर लावायच्या आधीच मुंगी सांगते, असं तिचं म्हणणं. पक्षी उडून जातो, वाघ दुसऱ्या डोंगरावर जातो. मुंगीचं बीळ बहुधा वर्षानुवर्षं त्याच जागी. ऑस्ट्रेलियात बॉक्साइटच्या खाणी बुजवून झाडं लावली, तर जंगल खरंच परत येतंय का हे तपासायला १९७०च्या दशकापासून मुंग्याच मोजतात. झाडं लावलेली लांबून दिसतात. जमिनीत काय परतलं ते मुंग्या सांगतात.

सड्यावर गवताच्या मुळाशी बिळाची तोंडं होती आणि प्रत्येक तोंडाभोवती कोंड्याचं कडं, जात्याभोवती पीठ सांडावं तसं. या धान्य साठवणाऱ्या मुंग्या. दाणा आत, टरफल बाहेर. साइक्सनं याही पुण्यात पाहिल्या होत्या. पावसानं कोठार भिजलं की दाणे वर आणून उन्हात वाळत घालायच्या. आणि इथेही नेमकं तेच चाललेलं! परवा रात्रीचा पाऊस मुरला होता आणि एका बिळाबाहेर तळहाताएवढ्या जागेत गवताचं बी पसरलेलं. एक मुंगी आत जाई, दाणा घेऊन वर येई, ठेवी आणि परत आत. आमच्या गच्चीवरच्या कुरडयांची आठवण झाली. भाची पालथी पडून फोटो काढत होती आणि मी सावली धरायला छत्री घेऊन उभी. भाची ओरडली, "मावशी, सावली काढ, त्या परत आत नेतील!"

थोडं पुढे एका बिळाच्या तोंडावर कोंबडीची पिसं खोचून ठेवलेली. हे डायाकामाचं घर. एकेकट्या फिरणाऱ्या काळ्या मोठ्या मुंग्या. पिसांवर पहाटेचं दव धरतं आणि त्या ते पितात. घर बदलायचं झालं तर एक जण दुसरीला मागे घेऊन जाते. मागची पुढचीला मिशांनी शिवत चालते, हात धरून रस्ता ओलांडवल्यासारखी.

संध्याकाळी काकींच्या घरामागे लेप्टोजेनिसची फौज पाहिली. काळ्याभोर, चमकत्या, चार-पाच जणींच्या ओळीत, बोटभर रुंद काळी नदी वाहावी तशी. निघाल्या होत्या वाळवीच्या शिकारीला. अर्ध्या तासानं परतल्या तेव्हा प्रत्येकीच्या तोंडात पांढरी वाळवी. मी पायरीवर उकिडवी बसून, दिवा लागेपर्यंत. गुडघे नंतर बोलले.

दिवस चौथा: काजू आणि रबर

जीप करून घाट उतरलो, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. वाटेत एका नाक्यावर गाड्या तपासत होते. गोवा जवळ, त्यामुळे ते कशाच्या शोधात असतात हे सांगायला नको. आमच्या डिकीत स्पिरिटच्या चाळीस कुप्या. हवालदारांनी एक उचलून उजेडात धरली. आत मुंग्या. दुसरी धरली. आत मुंग्या. "मुंग्यांना पाजता होय?" परवानगीची फाइल उघडली, शिक्के पाहिले, मग पाच मिनिटं स्वतःच्या घरच्या मुंग्यांवर उपाय विचारला. कागद नेहमी वरच्या कप्प्यात ठेवावेत.

काजूची बाग एका आबांची. बाग म्हणजे काजू, मध्ये आंबा, फणस, आईन, कडेला कुंपणाची झुडपं. खाली पालापाचोळा तसाच पडलेला. झाडांवर पानं एकमेकांना शिवून केलेले हिरवे गोळे. हुमले! लाल, रागीट. कोणी उंबील म्हणतं. पानं ओढून धरायला त्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि शिवायला आपल्याच अळ्या वापरतात. अळी तोंडात धरायची, ती रेशीम सोडते, या पानावरून त्या पानावर न्यायची आणि आणायची. मी भिंगातून दहा मिनिटं पाहिलं. धावता टाका. मुंगी अळीला पानाच्या कडेला टेकवे, थांबे, पलीकडे नेई, टेकवे. माझ्या मशीनच्या धोट्याचा हाच खेळ.

"चावत नाहीत का?" मी आबांना विचारलं.

"चावतत तर चावंदेत. ज्या झाडार हुमले, त्या झाडार ढेकण्या कमी."

ढेकण्या म्हणजे काजूच्या मोहोराचा रस शोषणारा किडा, इथल्या बागायतदाराचा खरा शत्रू. चीनमध्ये मोसंबी-संत्र्यांच्या बागांत या मुंग्यांची घरं विकत घेऊन टांगण्याची नोंद सतराशे वर्षांपूर्वीची आहे. आबांनी वाचलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं. ओडिशात याच मुंग्यांची चटणी करतात. सिमिलीपालच्या त्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गडचिरोलीतही खातात. आबांनी हे ऐकून फक्त पानाची पिंक टाकली.

तेवढ्यात भाचीनं एका पानाकडे बोट दाखवलं. "ही कोण?" हुमलाच की. "पाय मोज." मोजले, आठ. पान हलवलं तर "मुंगी" धाग्यावर लटकून खाली उतरली. कोळी! रंग तोच, चाल तीच, पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरलेले. हुमल्यांना कुणी सहसा खात नाही, म्हणून हुमल्याचं सोंग. या चार दिवसांत मी तीन वेळा ओरडले, त्यातली ही एक.

सूचना: हुमल्यांच्या गोळ्याला काठी लावू नये. चावून त्या जखमेवर आम्ल सोडतात. थंड पाणी लावावं, डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुवावं, आणि ज्यांना गांधीलमाशीच्या डंखाचा त्रास होतो त्यांनी मुळात लांबच राहावं.

दुपारी रबराच्या मळ्यात गेलो. मालकांनी परवानगी दिली, वर थंडगार ताकही दिलं. सरळ रांगा, प्रत्येक झाडाच्या खोडावर तिरकी खाच आणि खाली चीक झेलायला वाटी. जमीन स्वच्छ झाडलेली, खाली एकाच जातीची पानं. सावली होती, हिरवं होतं. लांबून पाहिलं तर मी जंगलच म्हटलं असतं. याच पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ साली सरकारला सांगितलं की सावंतवाडी-दोडामार्गचा हा मार्ग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा. जवळच तिळारीचं राखीव क्षेत्र आहे. हत्ती आणि वाघ या वाटेनं येतात.

कागद टाकले, बांगडा आणि गूळ. आंबोलीत पाच मिनिटं वाट पाहावी लागली होती. इथे मी कागदावरून हात काढेपर्यंत एक पिवळसर, लांब पायांची मुंगी हजर. मग दहा. मग कागद दिसेना. त्या सरळ चालत नव्हत्या, वेड लागल्यासारख्या इकडून तिकडे धावत होत्या. अॅनोप्लोलेपिस, यांना पिवळी वेडी मुंगीच म्हणतात. दुसऱ्या कागदावर त्याच, तिसऱ्यावर त्याच. तासाभरात त्या तुकड्यांवर फाइडोलीचा एकही डोकेबाज शिपाई आला नाही. मुंगळाही आला नाही. ख्रिसमस बेटावर याच मुंग्यांनी लाखो लाल खेकडे मारले. तमिळनाडूत दिंडिगलजवळ २०२२ साली त्यांच्या झुंडींनी गुरांना हैराण केलं होतं.

मी म्हटलं, "अगं, पण इथे तर मुंग्या जंगलापेक्षा जास्त आहेत!"

"आहेतच," ती म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला. मग पुन्हा म्हणाली, "मावशी, हा एक मळा, एक दुपार. शेजारच्या मळ्यात वेगळं असेल. तू घरी जाऊन सगळ्यांना रबर वाईट म्हणून सांगू नकोस." तर सांगत नाही. पाहिलं ते लिहिलं.

रात्री मुक्कामावर तिनं दोन पांढऱ्या बशा मांडल्या. एकीत आंबोलीच्या पिशव्यांमधल्या एका बाटलीतलं ओतलं, दुसरीत रबराखालच्या पाचोळ्यातून हातानं वेचलेलं. पहिल्या बशीत भिंगातून बघताना मला वाटलं कुणी बटणांचा डबा उपडा केलाय. काटेरी, गोल, पातळ, अंबरासारखी पारदर्शक, डोळेच नसलेली, मिशीच्या टोकाला गदा असलेली, आणि जबडे सापळ्यासारखे उघडे राहिलेली एक. दुसऱ्या बशीत बटणं भरपूर, पण दोन-तीनच मापांची. भारतात २०१६ साली मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती मोजल्या गेल्या. त्यातल्या किती त्या बशीत होत्या हे ती वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली बसून ठरवणार.

पृथ्वीवर एकूण मुंग्या किती याचा अंदाज २०२२ साली काढला गेला. दोनवर सोळा शून्यं. माणशी साधारण २५ लाख. माझ्या वाटणीच्या आणखी कुठे असतील ते असोत, थोड्या माझ्या ओट्यावर आहेत हे मला ठाऊक होतं.

पुणे

सकाळी सातला दार उघडलं. बॅग टाकली, चहा ठेवला, साखरेचा डबा घेतला आणि बघते तर काळे ठिपके आपोआप चाललेले. खडू ड्रॉवरमध्ये होता. मी भिंग काढलं. डोकं काळं, आणि बाकीचं अंग दुधी, काचेसारखं, म्हणून दिसत नव्हतं. फोटो भाचीला पाठवला. ती झोपलेली असेल असं वाटलं होतं, पण लगेच उत्तर आलं: "टॅपिनोमा. भूत मुंगी म्हणतात. जगभर माणसाच्या सामानातून फिरते, जंगलात आपल्याला एकही मिळाली नाही बघ. एक चिरडून वास घे."

घेतला. खवट खोबरं!

एवढी वर्षं मी खोबऱ्याच्या डब्याला दोष देत होते.